पानगळीतलं वादळ येतंय: आठवडाभर आधीपासून शेवटच्या झोतापर्यंत ते कसं फॉलो करायचं

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की उत्तर अटलांटिक आणि ईशान्य पॅसिफिकवर नजर ठेवून बसलेल्या लोकांची झोप कमी होते. मी त्यातलाच. नवीन लोकांचा प्रश्न नेहमी एकच असतो, की नकाशे तर सगळे फुकट मिळतात पण त्यात बघायचं काय? म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधीच सांगतो, मॉडेलने (म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या गणिताने) काय म्हटलं होतं आणि प्रत्यक्ष समुद्रावर काय होतंय यातला फरक पकडायला शिकायचं. कारण वादळ बिघडतं किंवा फसतं ते त्या फरकातच आधी दिसतं. बाकी सगळं त्यासाठीची तयारी आहे.

आधी थोडं, पानगळीतच का ते. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि उत्तरेकडची हवा मात्र थंड व्हायला लागलेली असते, म्हणजे थोड्या अंतरात तापमानाचा मोठा फरक तयार होतो, आणि हाच फरक जेट स्ट्रीमला, म्हणजे खूप उंचीवरून वाहणाऱ्या जोराच्या वाऱ्याच्या पट्ट्याला, जोर देतो आणि मध्य अक्षांशातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचं खाद्यही तोच असतो. त्यात याच दिवसांत उष्ण कटिबंधातली चक्रीवादळं संपलेली नसतात. एखादं मरायला आलेलं चक्रीवादळ उत्तरेला सरकून जेटमध्ये सापडलं की ते पुन्हा जिवंत होतं, पण वेगळ्याच रूपात. १२ ऑक्टोबर १९६२ ला अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर जे कोलंबस डे वादळ आलं ते फ्रेडा नावाच्या टायफूनच्या अवशेषातून उठलेलं होतं, त्यात किमान ४६ माणसं गेली. आणि तिसरी गोष्ट झाडांची. पानं अजून झाडावर असतात, म्हणजे प्रत्येक झाड एक शीड असतं, आणि पावसाने माती भिजून मऊ झालेली असते. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडं पडली त्यात या दोन्हीचा मोठा हात होता. तोच वारा जानेवारीत आला असता तर उघड्या फांद्यांमधून बराचसा निघून गेला असता. म्हणून वाऱ्याचा आकडा बघताना झाडांवर पानं आहेत का आणि गेल्या दोन आठवड्यांत पाऊस किती झालाय हे पण लिहून ठेवा.

सात ते पाच दिवस आधी: नकाशा नाही, घोळका बघा

नवीन माणूस पहिली चूक इथे करतो, मी पण केली होती. सात दिवसांनंतरचा जीएफएस या अमेरिकन मॉडेलचा एक रन (एकदा चालवून आलेला अंदाज) उघडायचा, त्यात गोल गोल दाट समदाब रेषा (सारखा दाब असलेल्या जागा जोडणाऱ्या) दिसल्या की स्क्रीनशॉट काढून सगळ्यांना पाठवायचा. मी असा एक पाठवला होता आणि दोन दिवसांत ते वादळ मॉडेलमधून पूर्ण गायब झालं, पण ज्यांनी माझा स्क्रीनशॉट बघून प्रवास रद्द केला त्यांना पैसे काही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून पाच दिवसांच्या पलीकडचा एकटा नकाशा मी कोणालाच पाठवत नाही, आणि तुम्हीही पाठवू नका असं अगदी मनापासून सांगतो.

त्याऐवजी एन्सेम्बल उघडायचं. म्हणजे काय, तर तेच मॉडेल सुरुवातीच्या परिस्थितीत बारीक बारीक बदल करून अनेकदा चालवतात. युरोपियन हवामान केंद्राच्या एन्सेम्बलमध्ये ५१ सदस्य असतात, अमेरिकन जीएफएसच्या एन्सेम्बलमध्ये ३१. आता त्या ५१ पैकी किती जणांना वादळ दिसतंय ते मोजा. पाच जणांना दिसत असेल तर नुसती नोंद करायची, वीस जणांना दिसलं की रोज बघायला लागायचं, आणि पस्तीस-चाळीसपर्यंत गेलं की मग घरच्यांना सांगायचं. हे आकडे माझ्या सवयीचे आहेत, शास्त्रीय नियम नाही, पण एवढी वर्षं कामी आलेत. आणि आजच्या मोजणीपेक्षा रोजचा कल जास्त बोलतो, काल बारा होते आज वीस झाले उद्या तीस झाले तर प्रकरण खरं आहे. काल तीस होते आणि आज चौदा, तर शांत बसा.

रनच्या वेळा पाठ करून टाका: ००, ०६, १२, १८, सगळ्या यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाण वेळेत. जीएफएस साधारण साडेतीन-चार तासांनी यायला लागतं, युरोपियन सहा-सात तासांनी. नकाशावर लिहिलेला झेड म्हणजे यूटीसीच, तुमच्या घड्याळात किती ते एकदाच कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण ऐन घाईत लोक इथे हमखास चुकतात आणि वादळ सहा तास उशिरा येणार म्हणून बसून राहतात.

एआयवर चालणारी मॉडेल्स पण आता सगळीकडे दिसतात आणि ती वाईट नाहीत, मार्ग सांगण्यात तर फारच चांगली आहेत. पण पश्चिम युरोपात आलेल्या नोव्हेंबर २०२३ च्या कीरॉन वादळावर अशा चार मॉडेल्सची तपासणी झाली तेव्हा वादळाची जागा आणि एकूण आकार त्यांनी छान पकडला होता, मात्र जमिनीजवळच्या वाऱ्याचा सर्वोच्च वेग कमी दाखवला होता. म्हणून मी मार्गासाठी ती बघतो आणि झोतांसाठी नाही.

तीन-चार दिवस आधी: जेटच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधा

आता ३०० किंवा २५० हेक्टोपास्कलचा (हे हवेच्या दाबाचं एकक) नकाशा उघडा, म्हणजे नऊ-दहा किलोमीटर उंचीवरचा वारा. त्यात जिथे वारा सगळ्यात जोरात आहे तो लांबट पट्टा म्हणजे जेट स्ट्रीक. उत्तर गोलार्धात या पट्ट्याच्या बाहेर पडायच्या टोकाची डावी बाजू आणि आत शिरायच्या टोकाची उजवी बाजू, या दोन जागा धोक्याच्या, कारण तिथे वर हवा पसरते आणि खालून हवा ओढली जाते, मग जमिनीवरचा दाब कोसळतो. तुमचं कमी दाबाचं पिल्लू उजव्या प्रवेशाकडून जेट ओलांडून डाव्या निर्गमाकडे जाताना दिसलं तर समजा की ते झपाट्याने खोल होणार.

किती झपाट्याने, याला एक माप आहे. फ्रेड सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी १९८० मध्ये ते मांडलं, ६० अक्षांशावर २४ तासांत २४ हेक्टोपास्कल दाब पडला तर त्याला बॉम्ब म्हणायचं. खालच्या अक्षांशावर कमी पडला तरी चालतो, ४५ अक्षांशावर साधारण २० पुरे.

पण बॉम्ब शब्दाने आणि केंद्रातल्या दाबाच्या आकड्याने भुलू नका, हे मला जरा सविस्तर सांगायचंय. २४ ऑक्टोबर २०२१ ला वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिमेला समुद्रात दाब ९४२ हेक्टोपास्कलच्या आसपास गेला होता, पण केंद्र किनाऱ्यापासून लांब राहिलं. १९६२ चं कोलंबस डे वादळ ९६० च्या आसपासचं, म्हणजे आकड्याने बरंच उथळ, पण ते किनाऱ्याला घासून उत्तरेला गेलं आणि नुकसान कितीतरी पट जास्त झालं. वारा जो तयार होतो तो दाबाच्या आकड्यातून होत नाही, दोन जागांमधल्या दाबाच्या फरकातून होतो. म्हणून समदाब रेषा मोजा. तुमच्या गावावर दोन रेषांमध्ये किती अंतर आहे, आणि उद्याच्या नकाशात ते किती होतंय, एवढं पट्टीने मोजलं तरी अर्धं काम झालं.

आणि त्यावर पुन्हा डोंगर आपली करामत करतात. १९-२० नोव्हेंबर २०२४ ला त्याच किनाऱ्यासमोर असंच एक खोल वादळ समुद्रातच थांबलं होतं, पण त्याने कॅस्केड डोंगरांच्या खिंडींमधून पूर्वेची हवा ओढून घेतली, आणि सिएटलच्या बाजूला लाखो घरांची वीज गेली. तिथे मोठी वादळं एरवी दक्षिणेकडून झोडपतात. तेव्हा तुमच्याकडे कुठल्या दिशेचा वारा अडतो आणि कुठल्या दिशेचा नळीतून आल्यासारखा येतो, हे आजूबाजूच्या जुन्या माणसांना विचारून ठेवा, ते कुठल्याच मॉडेलपेक्षा नीट सांगतात.

मार्गाचं एक सोपं गणित आहे. उत्तर गोलार्धात जोराचा वारा बहुतेक वेळा केंद्राच्या मार्गाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे वादळ पश्चिमेकडून पूर्वेला जात असेल तर दक्षिण बाजूला. केंद्र तुमच्या उत्तरेकडून गेलं तर तुम्ही माराच्या पट्ट्यात, दक्षिणेकडून गेलं तर बऱ्याचदा नुसता पाऊस. मार्ग शंभर किलोमीटर सरकला तरी तुमचा सगळा अंदाज उलटतो. दक्षिण गोलार्धात हे सगळं आरशात बघितल्यासारखं उलट धरा.

अजून एक बारीकसं: एकाच वादळाला दोन नावं असू शकतात. ब्रिटन आणि आयर्लंड २०१५ पासून नावं देतात, नेदरलँड्स २०१९ पासून त्यांच्यात आलं, पण बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडून कमी दाबाच्या क्षेत्रांना १९५४ पासून नावं दिली जातात. कीरॉनलाच जर्मनीत एमिर म्हणत होते. शोधताना दोन्ही टाका.

शेवटचे छत्तीस तास: आता मॉडेल बाजूला ठेवा

हाच भाग मला सगळ्यात आवडतो आणि इथेच लोक आळस करतात, दर सहा तासांनी नवा रन बघतात आणि समुद्रात खरंच काय चाललंय ते बघतच नाहीत.

एक वही घ्या. कागदाचीच, कारण वीज जाणार आहे. डाव्या बाजूला मॉडेलने सांगितलेलं लिहा, उदाहरणार्थ संध्याकाळी सहा वाजता अमुक बोयावर (समुद्रात तरंगणाऱ्या निरीक्षण यंत्रावर) दाब ९८२, वारा नैऋत्य ३५ नॉट. उजव्या बाजूला खरं वाचन. बोयांची माहिती फुकट असते, अमेरिकेच्या बाजूला नॅशनल डेटा बोय सेंटरवर सगळे बोय एका नकाशात दिसतात. वादळाच्या वाटेवरचे तीन-चार बोय आणि एखादं बेट निवडा. आता बोयावर दाब मॉडेलपेक्षा तीन-चार हेक्टोपास्कल खाली असेल आणि दुसऱ्या बोयावरही तसंच दिसत असेल, तर वादळ अंदाजापेक्षा खोल आहे किंवा लवकर येतंय किंवा मार्ग सरकलाय. यातलं नक्की काय ते वाऱ्याच्या दिशेवरून कळतं. १८५७ चा बाईस बॅलटचा नियम अजून तसाच चालतो, उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला, जमिनीवर असाल तर घर्षणामुळे डावीकडे किंचित पुढच्या बाजूला. दोन-तीन बोयांवरच्या दिशा नकाशावर काढल्या की केंद्र कुठे आहे ते पेन्सिलने दाखवता येतं, आणि ते मॉडेलच्या केंद्रापासून किती लांब पडतंय ते बघितलं की पोटात गोळा येतो कधीकधी.

१९८७ मध्ये अंदाज चुकला त्यामागे नैऋत्येकडच्या समुद्रावरून येणारी निरीक्षणं कमी होती हे एक मोठं कारण होतं. आज आपल्या खिशात तेव्हापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे, ती न बघणं मला खरंच वाईट वाटतं.

विमानतळांचे मेटार, म्हणजे सांकेतिक हवामान अहवाल, पण वाचायला शिका, अवघड नाहीत. वाऱ्याच्या गटात पहिले तीन आकडे दिशा, पुढचे दोन वेग नॉटमध्ये, आणि जी अक्षरानंतरचा आकडा झोताचा. नॉटला १.८५ ने गुणलं की किलोमीटर. क्यू अक्षरानंतर दाब. वादळाच्या वाटेवरचे विमानतळ एकापाठोपाठ बघत गेलात की झोतांचा पट्टा ताशी किती वेगाने सरकतोय ते सरळ दिसतं.

सॅटेलाइट बघताना पाण्याच्या वाफेचं चॅनेल लावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी नवीन चित्र येतं, त्यामुळे मॉडेलच्या कितीतरी पुढे राहता येतं. यात कोरड्या हवेची काळी जीभ वादळाच्या पोटात शिरताना दिसते, आणि तिच्या बाहेरच्या बाजूने ढगांचं डोकं हुकासारखं वळतं. ते वळण दिसलं की त्याच्या टोकावर नजर खिळवून ठेवा. नॉर्वेच्या हवामानतज्ज्ञांनी त्याला विषारी शेपूट म्हटलं होतं आणि २००४ मध्ये ब्रिटिश हवामानतज्ज्ञ कीथ ब्राउनिंग यांनी १९८७ च्या वादळाचा अभ्यास करताना स्टिंग जेट हे नाव दिलं. स्टिंग म्हणजे विंचवाची नांगी. होतं असं की तीन-चार किलोमीटर उंचीवरची हवा त्या ढगाच्या टोकातून खाली घसरते, वाटेत पाऊस आणि बर्फ तिच्यात विरघळतं म्हणजे बाष्प होतं, त्याने ती अजून थंड आणि जड होते आणि आणखी वेगाने खाली येते. पट्टा जेमतेम पन्नास किलोमीटर रुंद असतो, तीन-चार तास टिकतो, पण सगळ्यात वाईट झोत त्याच पट्ट्यात असतात. ढगाच्या टोकाला फणीच्या दातांसारखे पट्टे पडलेले दिसले तर शंका पक्की करा. कीरॉनमध्ये २ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे हे झालं होतं, फ्रान्सच्या पॉइंट दु रा इथे २०७ किमी ताशी झोत नोंदला गेला.

चक्रीवादळातून आलेलं वादळ असेल तर आकाशही बोलतं. १६ ऑक्टोबर २०१७ ला ऑफेलिया आयर्लंडवर आलं, दोनच दिवस आधी ते अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांच्या दक्षिणेला तिसऱ्या श्रेणीचं चक्रीवादळ होतं, आणि येताना सहाराची धूळ आणि पोर्तुगालच्या वणव्यांचा धूर घेऊन आलं, इंग्लंडमध्ये भर दिवसा सूर्य लालभडक झाला होता. त्याच दिवशी आयर्लंडच्या फास्टनेट दीपगृहावर १९१ किमीचा झोत.

घरचा बॅरोमीटर

बऱ्याच फोनमध्ये दाबाचा सेन्सर असतो, ॲप टाकलं की आलेख काढतो. आधी शांत दिवशी जवळच्या विमानतळाशी जुळवून घ्या. समुद्रसपाटीपासून दर आठ मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे पाचव्या मजल्यावर राहत असाल तर फरक येणारच, आणि वादळात जिना चढून आलात तर दाब पडला म्हणून घाबरू नका.

तीन तासांतला बदल हाच खरा आकडा. ब्रिटनच्या जहाजांसाठीच्या बुलेटिनमध्ये तीन तासांत ६ हेक्टोपास्कलपेक्षा जास्त घट म्हणजे 'अतिशय वेगाने घसरतोय' असं सांगतात. तुमच्याकडे तसं दिसलं तर दारं-खिडक्या एकदा तपासून या.

आणि आता जे सांगतोय ते अधोरेखित करा. दाब पडायचा थांबला, म्हणजे संपलं असं समजू नका. फ्रंट (उष्ण आणि थंड हवेची सीमा) गेला, पाऊस थांबला, आकाश जरा उघडलं, लोक बाहेर येतात. पण बऱ्याच वादळांत सगळ्यात वाईट झोत दाब वर चढायला लागल्यावरच येतात, कारण केंद्राच्या मागे समदाब रेषा अजून दाट असतात आणि थंड हवा वरचा वारा खाली आणून आपटते. १९८७ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या नौदल तळावर तीन तासांत दाब २५.५ हेक्टोपास्कल वर गेला होता. वर. बॅरोमीटरची सुई उसळी मारते तेव्हा घरातच थांबा.

आकड्यांचा अर्थ लावताना

मॉडेलमधला १० मीटरवरचा वारा सरासरी असतो, झोत वेगळे बघावे लागतात, जमिनीवर झोत सरासरीच्या साधारण दीडपट धरा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १०० किमीचा झोत १४० झाला तर मार जवळजवळ दुप्पट होतो, "फक्त चाळीस वाढला" असं नसतं ते. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्युफोर्ट स्केलवरचा १२, म्हणजे हरिकेन फोर्स, हा ६४ नॉटपासून, म्हणजे ११८ किमीपासून सुरू होतो पण तो सरासरी वाऱ्याचा, झोताचा नाही. एखादा झोत ११८ झाला की लोक लगेच हरिकेन फोर्स म्हणतात, ते चूक आहे.

किनाऱ्यावर असाल तर भरतीची वेळ वहीत पहिल्या पानावर लिहा. दाब एक हेक्टोपास्कल पडला की समुद्र एक सेंटीमीटर वर येतो, ९६० चं वादळ म्हणजे नुसत्या दाबानेच अर्धा मीटर, वाऱ्याने ढकललेलं पाणी आणि लाटा वेगळ्या.

बाकी तयारी थोडक्यात: फोन आणि पॉवरबँक चार्ज, टॉर्च, वाऱ्याच्या मापकाचे नटबोल्ट आदल्या दिवशी उजेडात आवळून घ्या, अंधारात वाऱ्यात गच्चीवर जाऊ नका. व्हिडिओसाठी समुद्राच्या भिंतीवर जाऊ नका, झाडाखाली गाडी लावू नका. अधिकृत इशारा आणि तुमचा अंदाज यात फरक पडला तर दुसऱ्यांना अधिकृत इशाराच पाठवा. वादळाचे इशारे हे समुद्रात गेलेल्या माणसांमुळे सुरू झालेत. २५-२६ ऑक्टोबर १८५९ ला रॉयल चार्टर नावाचं जहाज वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली, आणि त्यानंतर ब्रिटिश हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी तारेने निरीक्षणं गोळा करून १८६१ मध्ये बंदरांना इशारे द्यायला सुरुवात केली. आपण आज बोयांवर जे बघतो ते त्याच कामाचं पुढचं पान आहे, म्हणून उगाच भीतीचे नकाशे फिरवून लोकांचा त्या इशाऱ्यांवरचा विश्वास कमी करू नये असं मला कळकळीने वाटतं.

वारा पडल्यावर

झोपायच्या आधी चार गोष्टी लिहा: सगळ्यात कमी दाब आणि त्याची वेळ, सगळ्यात मोठा झोत आणि त्याची वेळ, वाऱ्याने दिशा कधी बदलली, आणि पाऊस किती. मग मॉडेलचे तीन दिवस आधीचे, एक दिवस आधीचे आणि शेवटचे आकडे शेजारी मांडा. चार-पाच वादळं अशी लिहून झाली की तुमच्या जागेसाठी कुठलं मॉडेल झोत जास्त सांगतं आणि कुठलं कमी ते तुम्हाला स्वतःला दिसायला लागतं.

आणि हो, ही वादळं एकेकटी क्वचितच येतात, एकाच जेटवर मागोमाग दोन-तीन असतात, पहिल्याने सैल केलेली झाडं दुसरं पाडतं. म्हणून वही मिटायच्या आधी पश्चिमेचा सॅटेलाइट एकदा उघडा, जेटच्या उजव्या प्रवेशाजवळ नवीन ढगाचं पान उलगडताना दिसतंय का बघा. दिसलं तर पुढच्या रनपर्यंत जो वेळ आहे त्यात पर्जन्यमापक रिकामं करून घ्या.